बातुमीची डायरी

वाचकाचं पत्र, थोडं कापून:

‘आम्ही इंदूरला, राजेंद्र नगरला राहतो. मी शाळेत शिकवते, हे पीथमपूरला कंपनीत आहेत, निवृत्तीला सहा वर्षं उरलीत. रामबागेतलं सासऱ्यांचं जुनं घर चार महिन्यांपूर्वी विकलं. दोन्ही दिरांचे वाटे जाऊन ह्यांच्या हिश्श्याला 62 लाख आले. गेल्या महिन्यात विजय नगरच्या एका मोठ्या हॉटेलात परदेशी मालमत्तांचं प्रदर्शन होतं. तिथे जॉर्जिया देशातल्या बातुमी शहरातला, समुद्राजवळचा एक स्टुडिओ फ्लॅट ह्यांच्या मनात भरला. किंमत 55,000 डॉलर. तीस टक्के आता, बाकीचे 36 बिनव्याजी हप्ते. ताबा दोन वर्षांनी, आणि ताब्यानंतर तीन वर्षं दरसाल दहा टक्के भाड्याची लेखी हमी. निम्मे पैसे लेकीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवून कमी पडतील तेवढं राहत्या घरावर टॉप-अप कर्ज काढू, असं हे म्हणतात. रविवारच्या आत दीड हजार डॉलर टोकन क्रेडिट कार्डावर भरायचंय, नाहीतर भाव वाढेल म्हणे. मला भीती वाटते, पण कशाची ते नीट सांगता येत नाही. हे म्हणतात, तुला इंदूरच्या बाहेरचं काही दिसतच नाही. काय करू?’

ताई, रविवारी टोकन भरू नका. एवढं तुमच्यासाठी. पुढचं मात्र यजमानांना वाचायला द्या, कारण बरंचसं त्यांच्यासाठी लिहिलंय आणि ते सगळंच काही त्यांच्या विरोधात नाही.

बँकेतली माझी शेवटची अकरा वर्षं परकीय चलनाच्या काउंटरवर गेली. बाहेर पैसे पाठवणारे लोक वेडे असतात असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. 2010 मध्ये डॉलर साधारण 46 रुपयांना होता, 2020 मध्ये 74 च्या आसपास, आणि आता 85 केव्हाच मागे पडले. ज्याची थोडी मिळकत डॉलरमध्ये आहे, त्याला झोपेतही काहीतरी मिळत राहिलं. शिवाय 50 लाखांत आज सुपर कॉरिडॉरवर काय येतं हे यजमान मला सांगतील, मी त्यांना सांगायला नको. जॉर्जियात परदेशी माणसाला शेतजमीन घेता येत नाही, पण फ्लॅट स्वतःच्या नावावर, कुणा स्थानिकाचं नाव न लावता घेता येतो. तिथली नोंदणीही चार-पाच दिवसांत होते. आपल्याकडे साध्या नामांतरणासाठी तहसीलच्या किती फेऱ्या होतात ते ज्यांनी घर विकलंय त्यांना ठाऊकच आहे. तेव्हा मोह पडला यात नवल नाही. मलाही पडला असता.

आता तुमच्या भीतीकडे. तिला इंदूरमध्ये एक नाव आहे: डायरी.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे बायपासच्या आसपास एखादी कॉलनी कापायची ठरली, की नकाशा मंजूर व्हायच्या आधी, रेराचा, म्हणजे सरकारी नोंदणीचा, नंबर यायच्या आधीच प्लॉट विकायला निघतात. रजिस्ट्री नाही, करारनामा नाही. दलालाच्या डायरीत तुमचं नाव, प्लॉटचा नंबर आणि रोख दिलेला आकडा लिहिला जातो. मग ती नोंदच हातोहात विकली जाते, दर हाताला भाव चढतो, आणि चढण थांबते त्या दिवशी डायरी ज्याच्या हातात असेल तो बसतो कपाळाला हात लावून. माझ्या मोठ्या दिरांनी तर डायरीच्या वाटेलाही न जाता एका गृहनिर्माण संस्थेचं रीतसर सभासदत्व घेतलं होतं, पावत्यांसकट. प्लॉट मिळायला एकवीस वर्षं लागली. मिळाला तेव्हा सही करायला दीर नव्हते, जाऊबाई होत्या.

हॉटेलात मोठ्या पडद्यावर दाखवलेली निळ्या समुद्राची चित्रं म्हणजे डायरीच आहे, फक्त गुळगुळीत कागदावर आणि इंग्रजीत. इमारत अजून जमिनीतून वर आलेली नाही. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तसं त्या दहा टक्के भाड्यावरून तुमच्या घरात आत्तापासून भांडण लागलंय!

त्या दहा टक्क्यांचं गणित मी भाजीच्या हिशेबाच्या वहीत मांडून पाहिलं. 55,000 चे दहा टक्के म्हणजे वर्षाला 5,500 डॉलर. तीन वर्षांचे झाले 16,500. आता तुम्ही सुरुवातीला भरणार ते तीस टक्के काढा. तेही 16,500 च. म्हणजे आज बिल्डरच्या हाती जेवढे द्याल तेवढेच तो दोन वर्षांनी हप्त्याहप्त्याने ‘भाडं’ म्हणून परत करणार. त्यासाठी त्याला एकही पाहुणा शोधायची गरज नाही, हमीची रक्कम किमतीतच घालून ठेवली की झालं. आणि गंमत म्हणजे आपलेच पैसे परत आले तरी ते भाड्याचं उत्पन्न म्हणून इथे करपात्र ठरतात.

हे असंच आहे असा माझा आरोप नाही. पण पडताळून पाहायची रीत सोपी आहे. त्याच रस्त्यावरच्या बांधून तयार, पाच-सात वर्षं जुन्या इमारतीतला तेवढाच फ्लॅट आज कितीला विकला जातोय ते बघा. तिथल्या जाहिराती इंटरनेटवर मिळतात. नवा फ्लॅट जुन्यापेक्षा पाव पटीने, तिसऱ्या हिश्श्याने महाग असेल, तर हमीचा पैसा कुठून येतो ते कळलं. दुसरा प्रश्न हमी कोण देतंय हा. बिल्डरची मूळ कंपनी, की कालपरवा काढलेली एखादी ‘मॅनेजमेंट’ कंपनी, जी चौथ्या वर्षी सापडणारच नाही?

आणखी एक विचारा: फ्लॅट ‘ब्लॅक फ्रेम’ आहे का? जॉर्जियात हा नेहमीचा शब्द आहे. ब्लॅक फ्रेम म्हणजे उघडं काँक्रीट. आत गिलावा नाही, फरशी नाही, संडासाचं भांडं नाही. ‘व्हाइट फ्रेम’मध्ये भिंती गुळगुळीत आणि वायरिंग झालेलं असतं, फर्निचर तरीही तुमचंच. जाहिरातीतला आकडा पुष्कळदा ब्लॅक फ्रेमचा असतो आणि चित्र मात्र पडदे लावलेल्या खोलीचं. राजेंद्र नगरला बसून बातुमीत सुतार आणि नळवाला लावणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच. म्हणून ते कामही बिल्डरच्याच माणसाकडे जातं, तो सांगेल त्या दराने.

बातुमी गाव छान आहे. काळ्या समुद्रावर, तुर्कस्तानच्या सीमेजवळ. तुर्कस्तानात कॅसिनोंना बंदी असल्यामुळे तिकडचे लोक जुगाराला इकडे येतात, आणि उन्हाळ्यात रशियापासून इस्रायलपर्यंतचे पर्यटक किनाऱ्यावर असतात. पण खरा हंगाम जुलै-ऑगस्टचा. इंदूरला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याच्या दुपटीहून जास्त बातुमीला पडतो, आणि तो काही आपल्यासारखा चार महिन्यांत आटपत नाही. फेब्रुवारीत समुद्राकडे तोंड करून बसलेले हजारो स्टुडिओ भाडेकरूची वाट बघत असतात, आणि तुमचा त्यांतला एक. एक-दोन खोल्यांचे हे फ्लॅट एका साच्यातून काढल्यासारखे असल्यामुळे भाव फक्त भाड्याच्या दरावर ठरतो, आणि शेजारी नवी इमारत उभी राहिली की तो दर खाली येतो.

यजमान म्हणतील, तिथले भाव किती वाढलेत ते बघा. वाढलेत, खरंय. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि हजारो रशियन माणसं बिऱ्हाड घेऊन तिबिलिसी-बातुमीत उतरली. भाडी एकदम चढली. दुसऱ्याच्या घरच्या आगीची ऊब होती ती. त्याच जॉर्जियाने ऑगस्ट 2008 मध्ये स्वतः रशियाशी युद्ध पाहिलंय. अशा देशांच्या बाजारात उडी असते ती याच कारणाने, आणि बुडी असते तीही याच कारणाने.

आता माझ्या काउंटरवरच्या गोष्टी. इथे प्रदर्शनवाले सहसा गप्प असतात.

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली, जिला सगळे एलआरएस म्हणतात, एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात आणि त्यातून घर घेता येतं. तेव्हा तुमचे 55,000 सहज बसतात. पण वर्षभरात माणशी दहा लाख रुपयांवर जे जाईल त्यावर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, वरून घेते. सोयीसाठी डॉलर 90 रुपयांचा धरा. फ्लॅट झाला साडेएकोणपन्नास लाखांचा. सगळं एकाच वर्षात ह्यांच्या एकट्याच्या नावाने पाठवलं तर सात लाख नव्वद हजार वरून लागतील. ते बुडत नाहीत, विवरणपत्र भरल्यावर करात वळते होतात किंवा परत येतात. पण तोवर अडकतात, आणि तेवढे बाजूला काढलेत का हा प्रश्न उरतो.

टॉप-अप कर्जाचं मात्र विसरा. परदेशी मालमत्तेसारख्या भांडवली कामासाठी एलआरएसने पैसे पाठवायला बँकेने कर्ज द्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. ‘घरदुरुस्ती’ लिहून कर्ज काढायचं आणि ते बातुमीला धाडायचं, असं कुणी कानात सांगितलं असेल तर त्याला विचारा की चौकशी आल्यावर सही कुणाची निघेल. क्रेडिट कार्डही या कामाचं साधन नव्हे. घराचा पैसा खात्यातून जातो, बाहेर पैसे पाठवायचा ए-2 फॉर्म भरून आणि पैसे कशासाठी चाललेत त्याचा पर्पज कोड लिहून. तोच कागद उद्या घर विकून पैसा परत आणताना हवा असतो. हप्त्यांचं आणखी एक: ताबा दोन वर्षांनी आणि हप्ते तीन वर्षं. म्हणजे शेवटचं वर्षभर घर तुमचं आणि पैसे बाकी. सरळ मराठीत ही परदेशी माणसाकडून घेतलेली उधारी झाली. ती परकीय चलनाच्या फेमा कायद्यात बसते की नाही हे बँकेकडून आधी लेखी घ्या, प्रदर्शनातल्या टायवाल्या मुलाकडून नव्हे.

आणि नियम बदलतात. ऑगस्ट 2013 मध्ये रुपया घसरत होता तेव्हा एका फटक्यात ही मर्यादा 75,000 डॉलरवर आणली गेली आणि परदेशात घर घ्यायला या योजनेतून पैसे पाठवणं बंद झालं. त्या आठवड्यात माझ्या काउंटरवर एक गृहस्थ आले होते, परदेशातल्या घराचे दोन हप्ते बाकी असलेले. करारात लिहिलेलं की हप्ता चुकला तर भरलेलं जप्त. पुढे त्यांचा मार्ग निघाला, योजनाही 2014-15 मध्ये पुन्हा सैल झाली. पण बाकावर बसून ते पाण्याचा तिसरा ग्लास पीत होते ते मला अजून दिसतं. 36 महिने फार मोठे असतात, ताई.

यजमान बातुमी सोडून आता दुसरा देश काढतील, म्हणून त्याबद्दलही लिहिते. थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन मिळत नाही. कोंडो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट, मिळतो, तोही इमारतीच्या 49 टक्के क्षेत्रफळापर्यंतच परदेशी मालक चालतात. बालीत जमिनीची पूर्ण मालकी परदेशी माणसाला नाहीच. तिथला दलाल सांगतो, एखाद्या स्थानिकाच्या नावावर घेऊ, आतून कागद तुमचा. धार-झाबुआकडे आदिवासींची जमीन गड्याच्या नावावर घेतलेले लोक आपण पाहिलेत, आणि गडी उलटल्यावर त्यांचं काय झालं तेही. तुर्कस्तानात घर अगदी स्वतःच्या नावावर मिळतं, पण ऑक्टोबर 2022 मध्ये तिथली महागाई 85 टक्क्यांवर होती आणि सरकारने राहत्या घरांची भाडेवाढ 25 टक्क्यांवर बांधून ठेवली होती. तिथलं चलन लिरा घसरत होतं, भाडं वाढवता येत नव्हतं, आणि हप्ता डॉलरमध्ये. दुबईचं म्हणाल, तर तिथला दिरहॅम डॉलरला बांधलेला आहे आणि अर्धवट इमारतींचा पैसा एस्क्रो, म्हणजे बिल्डरला मनमानी काढता न येणाऱ्या वेगळ्या, खात्यात ठेवायचा कायदा 2007 पासून आहे, तरीही 2008-09 मध्ये भाव निम्म्यावर आलेच. आता उत्तर सायप्रसचेही देखावे दाखवले जातात. तिथली कितीतरी जमीन 1974 मध्ये पळून गेलेल्या ग्रीक सायप्रियट कुटुंबांची आहे. अशाच जागेवर बंगला बांधलेल्या एका ब्रिटिश जोडप्याविरुद्ध मूळ मालक युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि 2009 मध्ये जिंकला. त्या बाजूला बघूच नका.

समजा, घेतलंच. मग दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं शेड्यूल एफए भरायचं, भाडं आलं असो वा नसो. साधा आयटीआर-1 तुम्हाला बंद. राहिलं तर काळ्या पैशाच्या 2015 च्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड बसू शकतो. 20 लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला हल्ली दंडातून सूट दिली आहे, पण ती घर-जमिनीला लागू नाही. ‘जॉर्जियात भाड्यावर कर फक्त पाच टक्के’ हे वाक्य प्रदर्शनात नक्की ऐकलं असेल. तुम्ही इंदूरला राहता, त्यामुळे ते भाडं इथल्या उत्पन्नात धरलं जाईल आणि तुमच्या दराने कर लागेल. तिथे भरलेले पाच टक्के फक्त वजा मिळतील.

खरं सांगू? तुमच्या पत्रात मला एकच मुदत महत्त्वाची दिसली, आणि ती रविवारची नाही. घर विकून चार महिने झालेत. विक्रीवर भांडवली नफा झाला असणार, आणि तो कर वाचवायचे जे दोन मोठे मार्ग आहेत त्यांतला एक, ठरावीक सरकारी कंपन्यांचे रोखे, सहा महिन्यांच्या आत घ्यावे लागतात, 50 लाखांपर्यंत. तुमचे दोनच महिने उरलेत. दुसरा मार्ग घराच्या बदल्यात घर, पण ते घर भारतातच असावं लागतं. 2014 मध्ये कायद्यात तसं स्पष्ट घातलंय. म्हणजे रामबागेचे पैसे बातुमीत घातले तर करही भरायचा आणि टीसीएसही अडकवायचा. हे त्या हॉटेलात कुणी सांगितलं होतं का? सोमवारी सीएकडे जा, जाताना वाटणीचे कागद आणि रजिस्ट्री घेऊन जा. नफा काढायला घराच्या 2001 च्या किमतीचं मूल्यांकन करून घ्यावं लागेल, त्याला आठ-दहा दिवस जातात.

म्हणजे जॉर्जिया कधीच नको? असं मी म्हणत नाही. लेकीचं शिक्षण मार्गी लागल्यावर, निवृत्तीचा पैसा जागेवर असताना, जी रक्कम दहा वर्षं विसरता येईल एवढ्यातच, बांधून तयार असलेला, आत माणसं राहत असलेला फ्लॅट घ्यायचा असेल तर खुशाल बघा. तिथल्या नोंदणी खात्याचा उतारा ऑनलाइन मिळतो. मालक कोण आणि वर बँकेचा बोजा आहे का ते त्यावर लिहिलेलं असतं. वकील आपण शोधलेला, आपण फी दिलेला, बिल्डरने सुचवलेला नको. आणि एकदा स्वतः जाऊन या. जुलैत नको, फेब्रुवारीत जा. संध्याकाळी सहाला त्या इमारतीच्या खाली उभं राहून किती खिडक्यांत दिवा आहे ते मोजा.

‘इंदूरच्या बाहेरचं दिसत नाही’ या वाक्याचा मला राग आला, हे यजमानांना सांगायला हरकत नाही. या शहराने जमिनीच्या व्यवहारात जेवढं पाहिलंय तेवढं पाहिलेल्या बाईला बातुमी समजायला अवघड नाही. पण त्यांच्याशी भांडू नका. वडिलांचं घर विकल्यावर माणसाला त्या पैशाचं काहीतरी मोठं करावंसं वाटतं. बँकेत नुसते पडलेले आकडे बघवत नाहीत, बाप विकल्यासारखं वाटतं. माझ्या नवऱ्याचंही तसंच झालं होतं. आम्ही त्या पैशातून काय घेतलं ते सांगत नाही, हसाल.

रविवारी एजंटचा फोन येईल. त्याला एवढंच म्हणा: ‘भिया, जमिनीचा उतारा, बांधकामाची परवानगी, आणि भाड्याची हमी देणाऱ्या कंपनीची नोंदणी, तिन्ही मेलवर पाठवा. आमचा वकील बघेल, मग बोलू.’ तो म्हणेल, ताई, तोवर भाव वाढेल. वाढू द्या.